शिकागोत चार दिवस, मोजक्या पैशांत

पायवाट (कोथरूड)
नमस्कार. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कार्यालयाच्या कामासाठी मी प्रथमच अमेरिकेला जाणार आहे आणि काम आटोपल्यावर चार दिवस स्वखर्चाने, एकटीने शिकागो पाहण्याचा विचार आहे. विमानतळाजवळची हॉटेले मध्यवर्ती भागातल्या हॉटेलांपेक्षा बरीच स्वस्त दिसतात. प्रेक्षणीय स्थळांच्या एकत्रित तिकिटाची किंमत रुपयांत मांडून पाहिली, तेव्हा मात्र धस्स झाले. मुक्काम कोठे करावा, ते तिकीट घ्यावे का, आणि मी पूर्ण शाकाहारी असल्याने जेवणाची सोय कशी करावी, हे तेथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे. खरेदी करायची नाही. चालण्याची सवय आहे.

मुठाकाठ (औंध)
विमानतळाजवळ राहू नका. मी तो शहाणपणा करून बसलो आहे. खोली स्वस्त मिळाली खरी, पण हॉटेलची मोफत गाडी सांगितलेल्या वेळी कधीच आली नाही, रोजचे दोन-अडीच तास जाण्यायेण्यात गेले आणि रात्री उशीर झाला की टॅक्सीने वाचलेले सगळे पैसे वसूल केले. त्यापेक्षा लूप या शहराच्या मध्यवर्ती भागातील वसतिगृहात महिलांच्या सामाईक खोलीत खाट घ्या आणि तेथे स्वयंपाकघर आहे ना, एवढे आधी विचारून घ्या. हॉटेलच घेणार असाल, तर दाखवलेल्या भाड्यावर सतरा टक्क्यांहून अधिक कर चढतो, हे धरूनच तुलना करा.

ओहेअर विमानतळावरून ब्लू लाइन ही रेल्वे चोवीस तास चालते आणि सुमारे पाऊण तासात लूपमध्ये पोहोचवते. विमानतळावरून सुटे तिकीट काढल्यास नेहमीपेक्षा जास्त भाडे पडते, पण तीन किंवा सात दिवसांचा पास घेतला तर हा जादा आकार लागत नाही. आपल्या पीएमपीच्या पासाप्रमाणे तोच पास बसलाही चालतो.

जुनी_ओसरी (सदाशिव पेठ)
मुक्कामाविषयी सहमत आहे. एकत्रित तिकीट घेऊ नये, असे माझे मत आहे, कारण ते वसूल करण्याच्या नादात माणूस एका रांगेतून दुसऱ्या रांगेत पळत राहतो. शिकागोतील कित्येक उत्तम गोष्टी फुकट आहेत. कल्चरल सेंटर ही 1897 सालची, मूळची सार्वजनिक ग्रंथालयाची इमारत असून तिच्यातील टिफनी काचेच्या घुमटाखाली तासभर बसले तरी कोणी उठवत नाही. तेथून रस्ता ओलांडला की मिलेनियम पार्कमध्ये मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे ‘क्लाउड गेट’ आहे. तेथील लोक त्याला सरळ ‘बीन’ म्हणतात, आणि घेवड्याचा दाणा डोळ्यांसमोर आणला तर त्यात काही चूक नाही. पोलादाचे 168 पत्रे जोडून ते घडवले आहे, तरीही एक सांधा दिसत नाही. मी तर नखाने चाचपून पाहिले. सकाळी लवकर जाऊन त्याच्या पोटाखाली उभ्या राहा आणि वर पाहा, आपलीच दहा-बारा वेडीवाकडी रूपे खाली वाकून पाहत असतात. लिंकन पार्कमधील प्राणिसंग्रहालयालाही वर्षभर प्रवेशशुल्क नाही.

पैसे खर्च करायचेच असतील, तर उंच मनोऱ्यावर जाण्याऐवजी नदीतून वास्तुकला दाखवणाऱ्या नौकेवर करा. विलिस टॉवर 110 मजली आहे आणि त्याची रचना ढाक्यात जन्मलेल्या फझलूर रहमान खान या अभियंत्याने सिद्ध केली. तो खालूनच अधिक भव्य दिसतो. याच नदीचे सांडपाणी मिशिगन सरोवरात जाऊन पिण्याचे पाणी नासत होते, म्हणून 1900 साली कालवा खोदून तिचा प्रवाहच उलटा वळवण्यात आला. मुळा-मुठेच्या काठी वाढलेल्या मला ते ऐकताना थोडी असूया वाटली.

दडपे_पोहे (कर्वेनगर)
जेवणाचे मी सांगते. रेड लाइन या रेल्वेने लोयोला स्थानकापर्यंत जाऊन 155 क्रमांकाची बस पकडली की डेव्हन अव्हेन्यूवर भारतीय वाणसामानाची दुकाने आणि शाकाहारी खाणावळी आहेत. पहिल्याच दिवशी तेथून तांदूळ, डाळ आणि दही आणून ठेवा. येथून मेतकूट आणि भाजणी न्यावी, परंतु विमानतळावर खाद्यपदार्थ आहेत का असे विचारल्यावर ‘हो’च सांगावे, कारण जाहीर न केल्यास दंड होऊ शकतो. बाहेर खाताना पाटीवरच्या किमतीत कर नसतो आणि वाढपी असलेल्या ठिकाणी पंधरा ते वीस टक्के बक्षिसी देण्याची रीत आहे, हे लक्षात ठेवून मागवावे.

पायवाट (कोथरूड)
सर्वांचे आभार. वसतिगृहात खाट राखून ठेवली. विवेकानंदांनी 1893 साली भाषण केले ती जागा पाहता येते का?

जुनी_ओसरी (सदाशिव पेठ)
ती वास्तू म्हणजेच आजचे आर्ट इन्स्टिट्यूट. आत जाण्यास तिकीट आहे आणि शुल्कमाफीच्या सवलती बहुधा इलिनॉयच्या रहिवाशांसाठी असतात, पण दारातील दोन ब्राँझचे सिंह आणि समोरच्या रस्त्याला दिलेली स्वामीजींच्या नावाची पाटी पाहायला काही पडत नाही. पाटी खांबावर उंच आहे आणि सरोवरावरून येणारा वारा बोचरा असतो, तेव्हा कानटोपी घालूनच मान वर करा.