चित्रकलेचा तास गणितात विरघळवला की उरतं काय?

खडूधूळ:
काल इथे एका ताईंनी लिहिलं की पहिली-दुसरीला चित्रकलेचा वेगळा तास म्हणजे वेळेची नासाडी, २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला-समेकित शिक्षण, म्हणजे बाकीचे विषय कलेतून शिकवणं, आहेच तर सगळं भाषा-गणितातच मिसळा. डोकं फिरलं वाचून. मिसळलं की काय होतं ते ऐका. भाचीच्या वर्गात 'आंबे रंगवा आणि मोजा' अशी वर्कशीट आली, पोरीने एक आंबा जांभळा केला, का तर तो म्हणे सडलाय, बाईंनी लाल पेनने फुली मारली. मोजणी बरोबर होती हं! छापील रेषेच्या आत पिवळा रंग भरायचा, ह्याला कला म्हणायचं?

झेडपीवाला:
वेगळा तास घेणार कोण साहेब? आरटीईमध्ये, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, कलेचा अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिक्षक) आहे तो सहावी ते आठवीला, तोही पट शंभरच्या वर असेल तर. आमची शाळा दुशिक्षकी, पहिली-दुसरी एका खोलीत, डोक्यावर केंद्राच्या निपुण भारत योजनेचं २०२६-२७चं टार्गेट, तिसरीपर्यंत वाचन आणि आकडेमोड आलीच पाहिजे. मी कागदाची घडी घालून अर्धा-पाव शिकवतो, मग त्याच्याच पताका करायला लावतो. एक पोरगं वर्गात तोंड उघडत नव्हतं, त्याने पताकेवर बैल काढला आणि म्हणालं, ह्याचं एक शिंग मोडलंय. कसं मोडलं विचारलं तर थांबेचना. आता हा मराठीचा तास की चित्रकलेचा, तुम्हीच ठरवा. वारली पण घेतो, दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस तयार, भूमितीही झाली.

सूर्याकाठची:
आली का वारली! सगळ्या शाळांना वारली म्हणजे त्रिकोणाचा तक्ता वाटतो. आमच्या वारल्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, मध्ये पालघट देवी असते. आत्या काढायला बसली की आम्हाला मध्ये बोलायची टाप नव्हती. तुमच्या पोरांना देवी कोण ते सांगितलंत?

झेडपीवाला:
निम्मा वर्ग आदिवासी आहे माझा. मला शिकवू नका.

सूर्याकाठची:
मग तर जास्तच लाज वाटायला पाहिजे.

दमलेला_बाप:
वारली सोडा हो, हे प्रोजेक्ट करतं कोण ते बोला. राज्याराज्यांच्या जोड्या लावणाऱ्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी, म्हणून शाळेने दुसरीतल्या पोराला तिकडचं पारंपरिक पट्टचित्र करून आणायला सांगितलं. दुसरीतल्या! रात्री मी बॉर्डर काढतोय, बायको जगन्नाथाचे डोळे काढतेय, चिरंजीव घोरतायत. आणि वर आम्हाला 'छान' शेरा.

खडूधूळ:
@झेडपीवाला, बैलाचं मान्य. तुमच्यासारखे गुरुजी गावोगाव असते तर मीच म्हटलं असतं तास बंद करा. नाहीयेत. म्हणून आठवड्यात एक तास असा हवाच की ज्यात काही मोजायचं नाही.

झेडपीवाला:
आभारी आहे, सर्टिफिकेट फ्रेम करतो. आणि सूर्याकाठच्या ताई, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे पुरुष असून, लग्नकार्य नसताना, कागदावर काढायचे. २०११ला पद्मश्री मिळाली. तेव्हा नाही कोणाला लाज वाटली ती?

सूर्याकाठची:
त्यांनी त्रिकोण मोजायला नव्हतं काढलं! त्यांना देवीही माहीत होती आणि गोष्टीही. तुम्ही फक्त आकार उचलता.

झेडपीवाला:
बरं बाई, आधी देवी मग त्रिकोण. पण मलाच धड माहीत नाही, आत्यांना पाठवा. मानधन द्यायला शाळेकडे दमडी नाही, आधीच सांगतो.

सूर्याकाठची:
कलेची वेळ आली की बरी दमडी नसते. एसटीचं भाडं आणि जेवण देणार असाल तर येईल आत्या. आणि तिचे फोटो काढून ग्रुपवर वरच्या साहेबांना पाठवायचे नाहीत.

झेडपीवाला:
फोटो नाही पाठवले तर उपक्रम झालाच नाही असं धरतात, ताई.