दहावीची भूमिती आणि कॅमेऱ्याची वायर

बी-३०४: नमस्कार मंडळी. दहावीची निर्देशक भूमिती कुणाला येते का? उद्या आमच्या चिरंजिवांची चाचणी आहे. बिंदू (−२, ३) आणि (४, −५), मधलं अंतर काढायचं. त्याचं १४ येतंय, पुस्तकात मागे १० दिलंय. म्हणतो पुस्तकच चुकलंय. मी कॉमर्सवाली, मला विचारू नका.

ए-१०२: पुस्तक बरोबर आहे. वहीचा फोटो टाका.

बी-३०४: (फोटो) सर, अक्षर समजून घ्या 🙏

ए-१०२: अक्षर ठीक आहे. ४ मधून उणे २ गेले की ६, बरोबर. उणे ५ मधून ३ गेले की उणे ८, तेही बरोबर. इथे बरीच मुलं २ लिहून बसतात, हा बसला नाही. वर्ग ३६ आणि ६४. पुढे मात्र ३६ चं वर्गमूळ वेगळं काढलंय, ६४ चं वेगळं, आणि ६ + ८ = १४. आधी बेरीज करायची, १००. मग वर्गमूळ, १०. मी शिकवत होतो तेव्हा निम्मा वर्ग इथेच घसरायचा.

सी-२०१: सर, उणे ८ चा वर्ग उणे ६४ ना? मी आत्ता मोबाईलवर केलं.

ए-१०२: कंस न घालता केलं असेल. (−८) कंसात घालून वर्ग करा, ६४ येईल.

सी-२०१: आलं 😄

बी-३०४: आईच्या फोनवरून मी बोलतोय. सर, सूत्र पाठ आहे पण पेपरात गोंधळ होतो.

ए-१०२: मग सूत्र बाजूला ठेव बाळा. आलेखावर दोन्ही बिंदू मांड. पहिल्यातून सरळ खाली रेघ ओढ, दुसऱ्यातून डावीकडे. कुठे भेटतात?

बी-३०४: (−२, −५)

ए-१०२: झाला काटकोन त्रिकोण. आडवी बाजू ६, उभी ८, आणि तुला हवं ते अंतर म्हणजे कर्ण. सूत्र म्हणजे पायथागोरसच, दुसरं काही नाही. कर्ण कधी दोन बाजूंच्या बेरजेइतका होईल का? १४ आलं तेव्हाच शंका यायला हवी होती. आपल्या बौधायनाच्या शुल्बसूत्रातही आयताच्या कर्णाबद्दल हेच आहे, दोरीच्या भाषेत. आणि १६३७ मध्ये देकार्तने भूमितीची बीजगणिताशी सांगड घातली ना, तेव्हा...

बी-३०४: सर, आई म्हणतेय उद्या पेपर आहे 😅

सी-००२: सर, आमच्या साइटवर गवंडी रोज हेच करतात. एका भिंतीच्या दोरीवर ३ फुटांची खूण, दुसरीच्या दोरीवर ४ फुटांची. तिरकं ५ भरलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. मोठं आखायचं असेल तर ६-८-१० घेतात. पोराचं गणित तेच आहे.

सेक्रेटरी: मंडळी, ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. पण विषय निघालाच आहे तर, वॉचमन केबिनपासून मागच्या गेटच्या कॅमेऱ्यापर्यंत वायरमनने ३४ मीटर वायर सांगितली आहे. खजिनदार म्हणतात २० पुरे.

खजिनदार: नकाशावर पट्टी ठेवून मोजलंय. १२ मीटर आडवं, १६ उभं. आत्ताच सरांच्या पद्धतीनं केलं, वीसच.

सी-००२: काका, वायर काय पार्किंगमधल्या गाड्यांवरून तिरकी नेणार? ती भिंतीच्या कडेनं जाणार. १२ आणि १६, २८. दोन्ही टोकांना ३-३ मीटर वर चढवायची, झाले ३४.

बी-३०४: म्हणजे वायरसाठी माझं १४ बरोबर होतं!

ए-१०२: पेपरात वायर टाकायची नाहीये.

खजिनदार: ३५ मीटर मंजूर. बिल माझ्याकडे द्या.

बी-३०४: मी आई. अजून दोन उदाहरणं सोडवून घेते, मग झोपवते. आभारी आहे सर.