12 वर्षांचा लॅब (लॅब्राडोर कुत्रा), मागचे पाय घसरतायत, काय करू?

इंदिरानगरकर: थंडी पडल्यापासून आमच्या बंड्याला सकाळी उठताच येत नाही पटकन, टाईल्सवर मागचे पाय फाकतात, दोनदा पडला. वजन 38 किलो. पाणीपण आजकाल खूप पितो आणि रात्री घरातच शू होते बिचाऱ्याची. आई म्हणते वय झालं, चालायचंच. आपली पेनकिलर अर्धी दिली तर चालेल का?

सिडकोवाली: अजिबात नको!! आयब्युप्रोफेनसारख्या आपल्या पेनकिलरने कुत्र्यांच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते. पाणी जास्त पितोय म्हणताय तर आधी रक्त-लघवी तपासा, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते कळतं) आणि शुगर, कारण कुत्र्यांची सांध्यांची गोळीसुद्धा डॉक्टर किडनी बघूनच देतात. आणि शू होते म्हणून पाणी तोडू नका हां.

गोदाकाठचा: 38 जास्तच आहे भाऊ, लॅब म्हणजे खादाड जात. आमचीचे पोळीचे तुकडे बंद केले (घरात भांडणं झाली त्यावरून), नखं कापली, हॉलभर जुन्या सतरंज्या टाकल्या आणि गोदापार्कचा मोठा राउंड सोडून दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं फिरवायला लागलो, महिनाभरात फरक दिसला.

पिंपळगावकर: सीझन येतोय, द्राक्षं-बेदाणे लांब ठेवा. किडनी फेल होऊ शकते.

इंदिरानगरकर: बापरे, गेल्या वर्षी मामाने पेटी पाठवलेली तेव्हा याने दोन-चार गट्टम केली होती! उद्याच नेतो डॉक्टरकडे. सतरंज्या आत्ताच काढल्या माळ्यावरून.