मदत हवी आहे: कॉईल नीट न बांधताच गाडी काढायला लावतात

माझा धाकटा भाऊ कळंबोली-चाकण ट्रेलर चालवतो. २० टनांची स्टील कॉईल (पोलादी पत्र्याची गुंडाळी), खाली नुसते लाकडी ठोकळे आणि वर एकच साखळी, तिच्याही कड्या घासून झिजलेल्या. करकचून ब्रेक मारला तर कॉईल थेट केबिनवर! बोरघाटात तर जीव मुठीत धरूनच जातो तो. जादा साखळ्या मागितल्या की मालक म्हणतो, "जमत नसेल तर चावी ठेव." लोडिंगवाले बिल्टी (मालाची पावती) देऊन मोकळे.

माल बॉडीबाहेर आला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड, चालवणाऱ्याला तसा चालवायला लावणाऱ्यालाही. पण ढिल्या बांधणीला जबाबदार कोण? नकार लेखी द्यावा का? एवढ्या वजनाला तुम्ही किती साखळ्या लावता? अनुभवी ड्रायव्हर दादांनी कृपया सांगा, परवा पुन्हा माल भरायचा आहे.