अनुभव धागा: पुस्तकातून, पडद्यावरून कॉमिक्समध्ये आलेल्या आवडत्या गोष्टी

कॉमिकवरून पिक्चर निघाला की सगळे तावातावाने भांडतात, पण उलट्या रस्त्याने आलेल्यांची कुणी विचारपूसही करत नाही. म्हणजे कादंबरी, पिक्चर, सिरियल, नाटक, कशावरूनही बनलेलं कॉमिक. तुमचं आवडतं कुठलं आणि का, ते लिहा. नुसती यादी नको, आणि 'मूळ गोष्टीशी प्रामाणिक आहे' एवढंच कारणही नको, प्रामाणिक तर झेरॉक्सही असते.

सुरुवात मीच करते. डार्विन कुकचं 'द हंटर' (२००९). रिचर्ड स्टार्क म्हणजे डोनाल्ड वेस्टलेक, त्याची १९६२ची कादंबरी, पार्कर नावाच्या चोराची. पार्कर पुलावरून चालत शहरात येतो, लोक वळून बघतात आणि आपल्याला दिसते फक्त त्याची पाठ, हात, चाल. पानांमागून पानं जातात, बोलणं जवळपास नाहीच, आणि मग एकदाचा आरशात चेहरा दिसतो तेव्हा हा किती खुनशी माणूस आहे ते आपल्याला आधीच कळून चुकलेलं असतं. कादंबरीत हेच सांगायला वाक्यं लागतात ना! सगळं पुस्तक काळ्यावर एकाच निळसर करड्या रंगात. वेस्टलेकने हयात असेपर्यंत पिक्चरवाल्यांना पार्कर हे नाव वापरू दिलं नव्हतं, कुकला मात्र दिलं, यातच काय ते आलं.

* * *

माझं मत 'सिटी ऑफ ग्लास'ला. पॉल ऑस्टरची कादंबरी १९८५ची, कॉमिक पॉल करासिक आणि डेव्हिड मॅझुकेलीचं, १९९४चं. कादंबरी वाचून मी म्हटलं होतं की यात चित्र काढण्यासारखं आहेच काय, सगळं डोक्यात चाललंय! पण त्यात पीटर स्टिलमन नावाचं एक पात्र आहे, लहानपणी बापाने अंधाऱ्या खोलीत कोंडून वाढवलेला, तो एक लांबलचक, तुटक भाषण करतो. इथे काय केलंय, की बोलण्याच्या फुग्याची ती शेपटी असते ना, ती त्याच्या तोंडात शिरते, घशातून खाली उतरते, पुढच्या चौकटीत ग्रामोफोनमधून येते, असं करत करत भलत्याच वस्तू बोलायला लागतात आणि शेवटी एक मोडकी कठपुतळी. मी ती पानं वाचून पुस्तक बंद करून ठेवलं होतं थोडा वेळ. पानावर तीन गुणिले तीन अशा नऊ चौकटींची जाळी जवळपास सगळीकडे आहे, तुरुंगाच्या गजांसारखी भासते, आणि हिरोचं डोकं जसं ठिकाणावरून सरकतं तशी शेवटाकडे ती जाळीपण ढासळायला लागते. कादंबरी वाचली नसेल तरी चालेल, मला तर आता कॉमिकच जास्त आवडतं.

* * *

वरच्या दोघांइतकं भारी काही नाही माझ्याकडे. मार्व्हलचं 'स्टार वॉर्स', रॉय थॉमस आणि हॉवर्ड चेकिन, १९७७. पिक्चर २५ मेला आला आणि पहिला अंक त्याच्या आधीच विक्रीला होता, म्हणजे काढणाऱ्यांनी पूर्ण पिक्चर न बघताच काढलंय! त्यातला जब्बा, म्हणजे तो गुंडांचा सरदार, बघा एकदा. पिवळसर, मिशावाला, दोन पायांवर चालणारा कुणीतरी इसम. तो लिबलिबीत गोळा पडद्यावर आला थेट १९८३ला, तोवर वाचकांचा जब्बा हाच. शिवाय ल्यूक आणि त्याचा मित्र बिग्ज यांचे सुरुवातीचे सीन, जे पिक्चरमधून कापले, ते यात आहेत. पहिल्या सहा अंकांत पिक्चर संपतो, मग यांनी स्वतःच्या गोष्टी सुरू केल्या, त्यात एक हिरवा ससापण आहे, स्पेसशिप चालवणारा. खरंच. मला ते सगळं चुकीचं असणंच आवडतं.

* * *

अमर चित्र कथा कुणीच कसं नाही लिहिलं?? दिलीप कदमांनी काढलेलं महाभारत, ४२ अंक. माझ्या डोक्यातला भीष्म तोच, नंतर सिरियल बघितली तेव्हा तो नट मला भीष्म वाटेचना. आणि 'शकुंतला', ती कालिदासाच्या नाटकावरून, म्हणून त्यात दुर्वासाचा शाप आणि अंगठी आहे, महाभारतातल्या गोष्टीत शाप नाहीये. हे मला फार उशिरा कळलं.

* * *

'अवतार: द लास्ट एअरबेंडर'चं 'द सर्च'. सिरियल २००८ला संपली तेव्हा त्यातला झुको तुरुंगातल्या बापाला विचारतो, माझी आई कुठेय, आणि कट! पाच वर्षं तसंच लटकवून ठेवलं हो. मग २०१३ला जीन लुएन यांगने लिहिलेल्या या तीन भागांत उत्तर मिळालं. उत्तर सांगत नाही. झुकोपेक्षा त्याच्या बहिणीसाठी, अझुलासाठी वाचा, ती त्यात आरशाशी वगैरे बोलते, अंगावर येतं.

* * *

@वरचे, हे रूपांतर कुठंय, हा तर पुढचा भाग झाला. पण असो, अझुलासाठी माफ.

माझं 'किंड्रेड'. ऑक्टेव्हिया बटलरची १९७९ची कादंबरी, कॉमिक डेमियन डफी आणि जॉन जेनिंग्जचं, २०१७. डेना ही १९७६मधली कृष्णवर्णीय लेखिका, ती ओढली जाते गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये. आपल्याला सवय काय, की जुना काळ म्हणजे फिकट तपकिरी आणि आज म्हणजे रंगीत. इथे बरोबर उलटं! घरचा, आजचा काळ फिका आणि तिकडे मळ्यावर रंग भडकलेले. चाबकाचा सीन कादंबरीत मी भरभर वाचून पुढे गेलो होतो. इथे पान उलटल्याशिवाय सुटका नाही, आणि पान उलटायलाही वेळ लागतो. रेषा जरा ओबडधोबड आहेत, काहींना आवडणार नाहीत, मला वाटतं या गोष्टीला त्या गुळगुळीत नसलेल्याच बऱ्या.

* * *

'व्हॅगाबाँड' हे जपानी कॉमिक आहे का कुणाच्या यादीत? तलवारबाज मुसाशीवर एजी योशिकावाची जाडजूड कादंबरी, त्यावरून ताकेहिको इनोउए १९९८पासून काढत होता. कादंबरीतला कोजिरो, मुसाशीचा प्रतिस्पर्धी, म्हणजे तोंडाळ, नटवा, स्वतःवर खूश. इनोउएने त्याला बहिरा केलाय! मग त्याच्या भागात शब्दच गळून पडतात, उरतो वारा, गवत, समोरच्याचा खांदा किंचित हलतो तो. लिहिणाऱ्याला असला बदल कितीही सुचला तरी शब्दांत पेलवला नसता.

* * *

ते अर्धवट आहे ना पण? सुरू करू का नको?

* * *

हो, २०१५पासून थांबलंय, ३७ खंड आहेत. तरी कर. वेळ नसेल तर कोजिरोचा भाग १४व्या खंडापासून आहे, तिथून विसाव्यापर्यंत वाच, मागचं पुढचं माहीत नसलं तरी फारसं अडत नाही.