नायट्रसची फीड लाइन: डॅश ४ की डॅश ६?

गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवायला नायट्रस ऑक्साइड वापरताना बाटलीपासून इंजिनापर्यंतची होज, म्हणजे फीड लाइन, किती मोठी घ्यायची हा प्रश्न आहे. शंभर एचपीच्या शॉटला, म्हणजे नायट्रसने शंभर हॉर्सपॉवर वाढवायला, "मोठीच लाइन टाक, कमी पडायला नको" असं एकाने सुचवलंय, मला नाही पटत. डॅशचा आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग, म्हणजे ४ म्हणजे पाव इंच ट्यूबचं माप, होजचं आतलं भोक त्याहून लहान असतं, आणि डॅश ६ मधून नायट्रस जायला जवळपास अडीचपट जागा मिळते. शंभरला डॅश ४ आरामात पुरते, तीनशेच्या वर गेलास तर ६ बघ. लहान लाइनवर जास्त ओढलंस की प्रेशर पडतं, नायट्रस लाइनमध्येच उकळतो, जेटला (नायट्रस इंजिनात सोडणाऱ्या बारीक भोकाला) लिक्विड पोचतच नाही आणि मिक्श्चर रिच होतं, म्हणजे नायट्रसच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं. उलट उगाच मोठी लाइन टाकली की आत जास्त माल अडकून तापतो, पर्ज, म्हणजे लाइनमधला गॅस आधी बाहेर सोडणं, लांबतो. आणि भावा, पुण्यातल्या एप्रिलचं ऊन विसरू नकोस, ३६.४ डिग्रीच्या वर नायट्रस लिक्विड राहतच नाही, त्यामुळे बाटली बंद गाडीत उन्हात ठेवायची नाही, आणि लाइन एक्झॉस्टपासून लांबून ने, प्लीज हे आधी कर, साइजचं नंतर बघू.