तिरंगा हाताळणाऱ्या हातांचे अनुभव

१५ ऑगस्ट असो वा २६ जानेवारी, झेंड्याची तयारी करणारे लोक ठरलेले असतात. त्यांना विनंती एवढीच होती: देशप्रेम सगळ्यांकडे आहे, तुमच्या हातातली रीत लिहा.

शाळेत झेंडा बांधणारे क्रीडाशिक्षक

१५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात, २६ जानेवारीला वर बांधलेला झेंडा दोरी ओढून फडकवतात. बऱ्याच शाळांत दोन्ही दिवशी गुंडाळलेलाच असतो, म्हणून सगळी मदार गाठीवर.

झेंडा लांबीत दुमडून अरुंद करा आणि मोकळ्या टोकाकडून दोरीच्या बाजूला वळकटी करत या. तिच्यावर खालच्या दोरीचे दोन वेढे द्या. मग दोरी दुहेरी करून तो फास वेढ्याखाली खोचा. सुटे टोक खोचले तर ओढल्यावर गाठ सुटत नाही, उलट आवळते. चढवण्याआधी छातीच्या उंचीवर धरून एक हिसका द्या. इथे उघडला नाही तर वरही उघडणार नाही. सलग तीनदा उघडला की मगच पुढे.

झेंड्यात गुंडाळायच्या पाकळ्या मूठभर आणि कोरड्या. ध्वजसंहितेत, म्हणजे झेंडा वापरण्याच्या सरकारी नियमांत, त्यांना मुभा आहे, पण ओली पाकळी कापडाला चिकटते. झेंडा रात्रीच बांधून ठेवू नका. दवाने सुती दोरी फुगते, गाठ बसते. आदल्या दिवशी तेवढेच जुने कापड चढवून कप्पी तपासा. दोरी खाचेतून उतरून चाकाच्या कडेला अडकली, तर ऐन वेळी शिडी लागते.

केशरी पट्टीकडच्या दोरीच्या टोकाला खुणेची गाठ मारा, म्हणजे घाईत झेंडा उलटा लागत नाही. पाहुण्यांनी ओढायच्या दोरीला सुतळीचा तुकडा बांधा. ते गडबडीत दोन्ही दोऱ्या धरतात आणि मग काहीच हलत नाही. तरीही अडकला तर हिसके देत बसू नका. सावकाश खाली घ्या, पुन्हा बांधा, पुन्हा चढवा. दोन मिनिटे गेली तरी चालतील, कापड फाटता कामा नये.

संगीत शिक्षिका

राष्ट्रगीताचा पूर्ण पाठ सुमारे ५२ सेकंदांचा. मुले रेंगाळली की तो सव्वा मिनिटावर जातो, म्हणून सरावाला घड्याळ हवेच. सुराची पट्टी खालची धरा. ‘जय हे’ तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, गाठते आणि वरच्या पट्टीत तिथे नुसती किंचाळी उरते. शेवटचे ‘हे’ मध्यमावर, म्हणजे ‘म’ या सुरावर, थांबते, ते ओढून वर न्यायचे नाही. शब्द ‘उच्छल जलधितरंग’ असा आहे, ‘उज्ज्वल’ नव्हे. ‘द्राविड’ म्हणा, ‘द्रविड’ नको. पेटीवाल्याने पाहुण्यांकडे न बघता कापडाकडे बघावे. ते उघडले की सूर.

गावात वीर जवानाच्या अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारे माजी सैनिक

ही वेळ येऊ नये, पण आली तर गावाला तयारीला काही तासच मिळतात. जागा मोकळी निवडा, लष्कराची गाडी थेट आत वळली पाहिजे. दोरखंडाने तीन कप्पे करा: कुटुंब, सलामीची तुकडी, गाव. हवेत फैरी झडल्यावर रिकाम्या काडतुसांकडे मुले धावतात, म्हणून तुकडीमागे स्वयंसेवकांची रांग हवी.

शवपेटीवर झेंड्याची केशरी पट्टी डोक्याकडे असते, म्हणजे पट्ट्या पेटीवर आडव्या येतात. अंत्ययात्रेचा ट्रॅक्टर सजवणारी पोरे हौसेने केशरी एका कडेला घेतात. पेटीला हात लावायच्या आधी त्यांना हे सांगा. पुष्पचक्रांसाठी पेटीच्या पायथ्याशी पाट ठेवा.

‘अमर रहे’च्या घोषणा मनापासून येतात, त्या अडवू नयेत. फक्त बिगुल वाजण्याआधी माइकवरून एकाने शांत राहायला सांगावे. त्या सुरांत हुंदका ऐकू येतो, घोषणा नको.

चितेवर ठेवण्याआधी झेंडा काढला जातो. तो चितेत जाळायचा नाही, कबरीतही उतरवायचा नाही. घडी अशी: केशरी आणि हिरवी पट्टी पांढरीच्या खाली दुमडायची, मग दोन्ही टोके आत घ्यायची. वर अशोकचक्र दिसते, केशरी-हिरव्याची कड दिसते. हा चौकोन दोन्ही तळव्यांवर धरून वीरपत्नीच्या किंवा आईवडिलांच्या हाती देतात. त्या क्षणी मोबाइल घेऊन पुढे घुसणाऱ्यांना मागे ओढायचे काम गावातल्याच वडीलधाऱ्यांनी करावे. बाहेरच्या जवानांना ते अवघड जाते.

सोसायटीचे सचिव

२०२२च्या जुलैपासून नागरिकांना आपल्या घरी झेंडा दिवसरात्र फडकवता येतो. ध्वजसंहितेतल्या ३० डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरचा आणि यंत्रावर बनवलेलाही चालतो. विकत घेताना लांबी-रुंदी ३:२ आहे का ते मोजा आणि चक्राच्या आऱ्या २४ आहेत का ते मोजा. स्वस्त छपाईत दोन्ही बिघडतात. भिंतीवर उभा लावला तर केशरी पट्टी पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला. वाऱ्यात मोकळे टोक आधी उसवते, तेव्हा दर आठवड्याला तेवढी कड पाहा. फाटलेला, विटलेला झेंडा लावून ठेवू नका.

स्वच्छता गटातील कार्यकर्ती

१६ ऑगस्टच्या सकाळी सहा वाजता निघा, झाडूवाल्यांच्या आधी. कागदी झेंडे गोळा करायला स्वतंत्र कोरडी पिशवी ठेवा, कचऱ्याच्या पोत्यात मिसळू नका. गटारीतले चिमट्याने काढा, स्वच्छ पाण्यात बुचकळून वाळवा. खराब झालेला झेंडा पूर्ण नष्ट करायचा, तोही खासगीत, आदराने जाळून. जाळण्याआधी काड्या काढून घ्या आणि कागद पसरून ठेवा. गठ्ठा तसाच पेटवला की मधले झेंडे अर्धवट राहतात, आणि तेच तुकडे पुन्हा वाऱ्यावर रस्त्यावर येतात.